फिल्म स्वच्छ, दुखणे कायम : खुब्यातील स्ट्रेस फ्रॅक्चरचे निदान

मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या हाडातील खोबणीत बसतो आणि त्यातून खुब्याचा सांधा तयार होतो. हा माथा हाडाच्या उभ्या दांड्याला ज्या तिरक्या, आखूड भागाने जोडलेला असतो त्याला हाडाची मान म्हणतात, आणि चालताना, पळताना किंवा जिना चढताना शरीराचा भार दर पावलाला याच मानेतून खाली उतरतो. पडणे, आपटणे, गाडीची धडक असा कोणताही प्रसंग न घडता, केवळ त्याच त्या भाराची हजारो आवर्तने सोसून या मानेत जी बारीक भेग पडते, तिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. अपघात झालेला नसल्यामुळे हाड मोडल्याची शंका रुग्णाला येत नाही, घरच्यांना येत नाही आणि पुष्कळदा पहिल्या डॉक्टरांनाही येत नाही. त्यातच पहिली एक्स-रे फिल्म स्वच्छ आली की ‘शीर आखडली असेल’ या समजुतीवर शिक्कामोर्तब होते. खुब्याच्या बाबतीत ही समजूत महागात पडू शकते, कारण पायाच्या पंजातील अशी भेग विश्रांतीने बहुधा भरून येते, मांडीच्या हाडाच्या मानेतील दुर्लक्षित भेग मात्र एखाद्या साध्या पावलाला आरपार जाऊन हाडाचे दोन तुकडे होऊ शकतात.

हाड ही जिवंत ऊती असून तिची झीज आणि भर सतत चालू असते. भार एकदम वाढला की जुने, थकलेले हाड काढून टाकणाऱ्या पेशी आधी कामाला लागतात आणि नवे हाड घालणाऱ्या पेशी मागाहून येतात. काढण्याचे काम काही आठवड्यांत उरकते, घालण्याच्या कामाला महिने लागतात, आणि म्हणूनच नव्याने पळायला सुरुवात केल्यानंतरच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत हाड पूर्वीपेक्षा तात्पुरते कमकुवत असते. निरोगी हाडावर अवाजवी भार पडून होणारी भेग हा स्ट्रेस फ्रॅक्चरचा एक प्रकार आणि ठिसूळ झालेल्या हाडावर रोजचाच भार पडून होणारी भेग हा दुसरा प्रकार. पहिला प्रकार तरुण खेळाडू व सैनिकांत आढळतो, दुसरा पाळी गेलेल्या स्त्रियांत, वृद्धांत आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांत. पण ही विभागणी काटेकोर नाही, हे पुढे दिसेलच.

वैद्यकशास्त्राला या दुखण्याची ओळख सैन्यामुळे झाली. 1855 साली ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टराने लांब कूच केल्यानंतर सैनिकांचे पाय सुजतात व दुखतात, याची नोंद केली, परंतु कारण त्याला दाखवता आले नाही. रोंटगेनने 1895 मध्ये क्ष-किरणांचा शोध लावल्यावर अवघ्या दोन वर्षांत, 1897 मध्ये, श्टेशो नावाच्या डॉक्टराने त्या सुजलेल्या पायांतील हाडाच्या भेगा फिल्मवर दाखवल्या. मांडीच्या हाडाच्या मानेतील अशा भेगेचे वर्णन 1905 मधले आहे. म्हणजे हे दुखणे ‘दिसू’ लागले ते यंत्रामुळे, आणि आजही त्याचे निदान योग्य यंत्र योग्य वेळी वापरले जाते की नाही यावरच बेतलेले आहे.

जबलपूर शहराच्या बाबतीत हा विषय दूरचा नाही. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या दोन रेजिमेंटांची प्रशिक्षण केंद्रे तसेच सिग्नल्सचे प्रशिक्षण केंद्र याच शहरात असल्याने कवायत, धाव आणि पाठीवर वजन घेऊन होणारी लांब कूच यांतून तयार होणारे शेकडो जवान येथे सदैव असतात. त्यांच्यासाठी लष्करी रुग्णालय आणि तेथील अनुभवी डॉक्टर आहेत. खरा प्रश्न आहे तो केंद्रात शिरण्यापूर्वीच्या मुलामुलींचा, जी अग्निवीर किंवा पोलीस भरतीची जाहिरात आली की सोळाशे मीटरची वेळ गाठण्यासाठी डांबरी रस्त्यावर, घासलेल्या तळव्यांच्या बुटांनी, एका आठवड्यात शून्यावरून दररोज सहा-आठ किलोमीटरवर जातात आणि दुखू लागले की वेदनाशामक गोळी घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा पळतात. यांतील मुलींना धोका अधिक असतो, कारण वजन कमी राखण्यासाठी पोटाला चिमटा घेतला जातो, पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि पाळी थांबणे म्हणजे हाडाला लागणारे संप्रेरक कमी पडणे होय. ही गोष्ट संकोचापोटी डॉक्टरांना सांगितली जात नाही आणि बहुतेक वेळा विचारलीही जात नाही.

दुसरा मोठा वर्ग नर्मदा परिक्रमेचा आहे. 1312 किलोमीटर लांबीच्या या नदीला दोन्ही काठांनी वळसा घालण्याचा संकल्प सोडून जबलपूरच्या ग्वारीघाटावरून पुढे जाणाऱ्या परिक्रमावासींत मराठी माणसांचा भरणा मोठा असतो, आणि त्यांत नोकरीतून निवृत्त झालेले, साठीच्या पुढचे स्त्री-पुरुष पुष्कळ असतात. पुण्याच्या किंवा नाशिकच्या एखाद्या गृहिणीने आयुष्यभर जास्तीत जास्त भाजीबाजारापर्यंतची चाल केलेली असते आणि ती एकाएकी दररोज वीस-पंचवीस किलोमीटर, तेही अनेकदा अनवाणी आणि एकभुक्त राहून चालू लागते. हाड आधीच विरळ, भार मात्र सैनिकाचा, असा दोन्ही प्रकारांचा संयोग तिच्या ठायी होतो. अशा यात्रेकरूला मंडला-डिंडोरीच्या बाजूला कुठेतरी जांघेत कळ सुरू होते, आश्रमात तेल चोळले जाते, दोन मुक्काम विश्रांती होते आणि पाऊल पुन्हा पडते. जबलपूरला पोहोचेपर्यंत ती लंगडत असेल, तर नेपियर टाउनमधील एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञाकडे जाणे हा संकल्पात पडलेला खंड समजू नये. मंडला, डिंडोरी, सिवनी, बालाघाट, नरसिंहपूर या जिल्ह्यांतील पुष्कळ रुग्ण मोठ्या तपासण्यांसाठी जबलपूरला येतात, आणि भंवरताल उद्यानाच्या आसपासच्या या वस्तीत दवाखाने व तपासणी केंद्रे हाकेच्या अंतरावर सापडतात.

तक्रार कशी ओळखावी

खुब्याचे दुखणे खुब्यावर हात ठेवून सांगितले जाते असे नाही. या भेगेची वेदना बहुतांशी जांघेत, खोलवर जाणवते. ती मांडीच्या पुढच्या भागात उतरते आणि कधी कधी केवळ गुडघ्यातच दुखते, कारण खुबा आणि गुडघा यांच्या संवेदना वाहणाऱ्या काही मज्जातंतूंच्या शाखा एकाच मुळातून येतात. सुरुवातीला पळताना दुखते व थांबल्यावर थांबते, पुढे चालतानाही दुखू लागते आणि अखेरीस रात्री कूस बदलताना कळ येते. हा चढता क्रम दुखावलेल्या स्नायूच्या उतरत्या क्रमाच्या नेमका उलट असतो आणि म्हणूनच तो निदानाच्या दृष्टीने मोलाचा आहे. उताणे झोपून मांडी आतल्या बाजूला वळवताना जांघेत कळ येणे हीही एक खूण आहे. एका पायावर उड्या मारून दुखते का ते पाहण्याची एक चाचणी खेळाडूंच्या वर्तुळात प्रचलित आहे. मांडीच्या हाडाच्या मानेत भेग असण्याची शंका असेल तेव्हा ही चाचणी घरी किंवा मैदानावर कदापि करू नये, कारण अर्धवट भेग पूर्ण करण्याचे ते सोपे साधन आहे.

पहिली पायरी आणि तिची मर्यादा

तपासणीची सुरुवात साध्या एक्स-रेने होते आणि ती तशीच व्हायला हवी, कारण तो स्वस्त आहे, जागोजागी मिळतो आणि सरकलेले हाड, गाठ, सांध्याची झीज अशा ढोबळ गोष्टी त्यात तत्काळ कळतात. मात्र तो नीट काढला गेला पाहिजे. केवळ दुखऱ्या बाजूचा एकच फोटो काढण्यापेक्षा संपूर्ण कटीचा, दोन्ही खुबे एकाच फिल्मवर येतील असा समोरून एक आणि दुखऱ्या खुब्याचा बाजूने एक, असे दोन फोटो असावेत. समोरून काढताना दोन्ही पावले सुमारे पंधरा अंश आत वळवलेली असावीत, म्हणजे तिरकी मान फिल्मवर पूर्ण लांबीने उलगडते. पावले बाहेर पडलेली असतील तर मान आखडून दिसते आणि नेमका हवा तो भाग झाकला जातो. दुखणे फार असेल तर पाय वळवण्यासाठी जोर लावू नये, हे तंत्रज्ञालाही ठाऊक असते, पण रुग्णानेही तसे सांगावे.

आता मर्यादेविषयी. हाडातील खनिजांपैकी साधारण तीस ते पन्नास टक्के नाहीसे झाल्याखेरीज साध्या एक्स-रेमध्ये फरक उमटत नाही, आणि ताज्या भेगेत इतका फरक पडलेला नसतो. त्यामुळे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काढलेल्या बहुसंख्य फिल्म निर्दोष दिसतात. नडगीच्या हाडात निदान नंतर तरी भेगेभोवती नव्या हाडाचा फुगवटा जमतो आणि दुसऱ्या फिल्मवर निदान होते. मांडीच्या हाडाची मान ही सांध्याच्या आवरणाच्या आत असल्यामुळे तिच्यावरील पडद्यात नवे हाड घालणारा थर जवळजवळ नसतोच. फुगवटा तयार होत नाही, फार तर मानेच्या आरपार जाणारी एक अंधुक पांढरी रेघ दिसते, आणि तीही आठवड्यांनंतर. ‘तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढू’ हा सल्ला पंजाच्या हाडासाठी रास्त आहे, खुब्यासाठी नाही, कारण त्या तीन आठवड्यांत रुग्ण चालत राहतो. जांघेत भार टाकताना दुखत असेल, भार अलीकडे वाढलेला असेल किंवा हाड ठिसूळ असण्याचे कारण असेल आणि एक्स-रे स्वच्छ असेल, तर पुढची तपासणी लगेच करावी आणि ती होईपर्यंत त्या पायावर भार टाकू नये. या लेखातील सर्व सल्ल्यांत हा एक सल्ला सर्वांत महत्त्वाचा आहे: कुबड्या आधी, रिपोर्ट नंतर. भाड्याने मिळणाऱ्या कुबड्यांचा जोड दोन दिवस वायफळ वापरला गेला तरी काही बिघडत नाही.

एमआरआय : कशाचा, कसा आणि कशासाठी

खुब्यातील स्ट्रेस फ्रॅक्चरसाठी आज जगभर मान्य असलेली निर्णायक तपासणी एमआरआय ही आहे. या यंत्रात क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओलहरी यांच्या साहाय्याने शरीरातील पाणी व चरबी यांतील हायड्रोजनच्या अणूंचे संकेत टिपले जातात आणि त्यांवरून चित्र तयार होते. हाडाच्या आत मगज असतो व त्यात चरबी भरलेली असते. भेग पडू लागली की तेथे रक्त व द्रव साचतो, म्हणजेच मगजाला सूज येते. टी-वन नावाच्या चित्रमालिकेत चरबी पांढरी दिसते व सूज काळी, तर एसटीआयआर या मालिकेत चरबीचा संकेत दाबून टाकलेला असल्याने सूज काळोख्या पार्श्वभूमीवर उजळ उठून दिसते. त्या उजळ डागाच्या मधोमध दोन्ही मालिकांत काळीच राहणारी रेघ आढळली, तर ती प्रत्यक्ष भेग होय. हा बदल पहिल्या एक-दोन दिवसांतच दिसू लागतो, आणि हेच एमआरआयचे एक्स-रेपेक्षा असलेले श्रेष्ठत्व आहे.

तपासणीच्या चिठ्ठीवर काय लिहिले आहे, हे रुग्णाने वाचून घ्यावे. जांघेच्या दुखण्यासाठी कमरेच्या मणक्यांचा एमआरआय होऊन जातो, असे पुष्कळदा घडते; चाळिशीनंतर जवळजवळ कोणाच्याही मणक्यांत एखादी चकती सरकलेली किंवा सुकलेली सापडतेच, मग सारे दुखणे त्या चकतीच्या माथी मारले जाते आणि कमरेचा पट्टा बांधून रुग्ण भेगाळलेल्या खुब्यावर चालत राहतो. चिठ्ठीत दोन्ही खुब्यांचा आणि कटीचा उल्लेख असावा, कारण ही भेग काही रुग्णांत दोन्ही बाजूंना असते आणि कटीच्या किंवा माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडातील भेगही खुब्याचे दुखणे म्हणून समोर येते. शिरेतून औषध टोचून करायच्या एमआरआयची यासाठी गरज नसते. चिठ्ठीसोबत किती आठवड्यांपासून दुखते, चाल किंवा धाव कधी वाढवली, पूर्वी कोणते आजार व औषधे होती, ही माहिती दोन ओळींत लिहून दिली तर रेडिओलॉजिस्टला, म्हणजे चित्रे वाचणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरला, नेमके कोठे पाहायचे ते कळते. ‘उजव्या खुब्यात दुखते’ एवढ्याच मजकुरावर दिलेला रिपोर्ट तितक्याच मोघम मजकुराचा येतो, यात नवल नाही.

जबलपूरसारख्या शहरात एमआरआयच्या पूर्वतयारीतील एका प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यायला हवे. हृदयातील पेसमेकर, मेंदूतील रक्तवाहिनीला लावलेली क्लिप, कानात बसवलेले श्रवणयंत्र यांविषयी सर्वत्र विचारले जाते. परंतु गन कॅरेज फॅक्टरी, व्हेइकल फॅक्टरी, खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी यांसारख्या कारखान्यांतून लेथवर किंवा ग्राइंडरवर आयुष्य घालवलेल्या कामगारांच्या डोळ्यांत कधीतरी लोखंडाचा कण उडालेला असतो, आणि तो पूर्ण निघाला होता की नाही हे त्यांना स्वतःलाही माहीत नसते. डोळ्यातील असा कण चुंबकाने हलला तर दृष्टी जाऊ शकते. अशा रुग्णाने, तसेच शरीरात छर्रा राहिलेल्या माजी सैनिकाने, ही गोष्ट न विचारता आपणहून सांगावी. गरज वाटल्यास डोळ्यांचा साधा एक्स-रे काढून मगच यंत्रात घेतले जाते. तपासणी साधारण वीस-तीस मिनिटे चालते, यंत्राचा ठकठकाट मोठा असतो आणि पाय हलला की चित्र पुसट होते, म्हणून वेदना असह्य असेल तर आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामक घेऊन जावे.

रिपोर्ट हाती आल्यावर रुग्णाने किंवा नातेवाइकाने त्यात एकच गोष्ट शोधायची असेल तर ती म्हणजे भेग मानेच्या कोणत्या बाजूला आहे. शरीराचा भार खाली येताना मानेची खालची, आतली बाजू दाबली जाते आणि वरची, बाहेरची बाजू ताणली जाते. दाबल्या जाणाऱ्या बाजूची भेग भाराने मिटते, ताणल्या जाणाऱ्या बाजूची भेग भाराने उघडते. डेव्हास यांनी 1965 मध्ये हा भेद स्पष्ट केला आणि 1988 मध्ये फुलर्टन व स्नोडी यांनी तो उपचारांशी जोडून ताणाची भेग, दाबाची भेग आणि सरकलेली भेग अशी वर्गवारी मांडली. दाबाच्या बाजूची भेग मानेच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी असेल तर सामान्यतः कुबड्यांवर काही आठवडे भार न टाकता ती भरून येते. ती निम्म्याहून अधिक असेल किंवा ताणाच्या बाजूला असेल तर हाड सरकण्यापूर्वीच स्क्रू घालून पक्के करण्याचा सल्ला दिला जातो, आणि सरकलेली भेग ही तातडीच्या शस्त्रक्रियेची गोष्ट ठरते. माथ्याकडे जाणारा मुख्य रक्तपुरवठा मानेला लगटूनच जात असल्यामुळे हाड सरकले की तो तुटू शकतो, आणि मग तरुण वयात माथा मरून कृत्रिम खुबा बसवण्याची पाळी येते. म्हणून रिपोर्टात केवळ ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ एवढेच असेल, बाजू आणि भेगेची लांबी दिलेली नसेल, तर रेडिओलॉजिस्टला ती विचारून घ्यावी. हा आगाऊपणा नव्हे.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. नियमित पळणाऱ्यांच्या हाडांत कोणतेही दुखणे नसताना थोडीफार सूज एमआरआयमध्ये दिसू शकते, त्यामुळे चित्रातील डाग हा लक्षणांशी जुळला तरच त्याला अर्थ असतो.

इतर तपासण्या

ज्यांना एमआरआय करता येत नाही त्यांच्यासाठी बोन स्कॅन हा पर्याय आहे. त्यात टेक्नेशियम-99एम या किरणोत्सारी द्रव्याची अल्प मात्रा टोचली जाते आणि ज्या हाडात उलाढाल जोरात चालू असेल तेथे ती अधिक साचते. भेग सहसा एक ते तीन दिवसांत यात उमटते, परंतु जंतुसंसर्ग, गाठ किंवा सांध्याची झीज असली तरीही तसाच डाग उमटतो, आणि भेग वरच्या बाजूला आहे की खालच्या, हे त्यावरून नीट सांगता येत नाही. सीटी स्कॅन हाडाची रेघ सुरेख दाखवतो, पण मगजाची सूज त्यात जवळजवळ कळत नाही, म्हणून सुरुवातीच्या टप्प्यात तो निर्दोष येऊ शकतो. वृद्ध व्यक्ती पडल्यानंतर उभी राहू शकत नाही, एक्स-रे स्वच्छ आहे आणि एमआरआय लगेच मिळणे शक्य नाही, अशा वेळी मात्र त्याच दिवशी सीटी करून घेणे शहाणपणाचे असते. सोनोग्राफीत सांध्यातील पाणी दिसते, भेग दिसत नाही. तिच्यावर विसंबू नये.

किरणांच्या मात्रेविषयी भीतीही असते आणि बेफिकिरीही. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट एवढी मात्रा मिळतच असते; कटीच्या एका एक्स-रेची मात्रा 1 मिलिसिव्हर्टहून कमी असते, तर बोन स्कॅनची आणि कटीच्या सीटीची काही पटींनी जास्त, म्हणजे साधारण 4 ते 10 मिलिसिव्हर्ट यांच्या दरम्यान असते. विशीतल्या भरतीच्या उमेदवारासाठी आणि गरोदर असण्याची शक्यता असलेल्या स्त्रीसाठी एमआरआयला प्राधान्य देण्याचे हेही एक कारण आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत खुब्याचे हाड तात्पुरते विरळ होऊन तीव्र वेदना होण्याचा एक स्वतंत्र विकार आहे. त्याचे निदानही एमआरआयनेच होते.

या प्रदेशातील सोंगे

महाकोशलात, म्हणजे जबलपूरच्या आसपासच्या या प्रदेशात, खुब्याचे दुखणे तपासताना काही स्थानिक आजारांचा विचार टाळता येत नाही, आणि नेमक्या याच ठिकाणी मुंबई-पुण्याच्या पठडीतील सल्ला अपुरा पडतो. गोंड व अन्य आदिवासी समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे; जबलपूरमधील, आदिवासींच्या आरोग्यावर संशोधन करणारी, 1984 साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था या आजारावर दीर्घकाळ काम करत आली आहे, आणि सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा प्रारंभही 1 जुलै 2023 रोजी जवळच्या शहडोलमधून झाला. या आजारात विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींनी बारीक रक्तवाहिन्या तुंबून मांडीच्या हाडाचा माथा मरतो आणि त्याची वेदनाही जांघेतच असते. एमआरआयमध्ये दोहोंतील फरक कळतो: माथ्याच्या वरच्या भागात नकाशातील सीमारेषेसारखी वळणदार रेघ असेल तर माथ्याचा मृत्यू, मानेत आडवी रेघ असेल तर भेग. जास्त स्टेरॉइड घेतलेल्यांतही माथा मरू शकतो, म्हणून तो इतिहास सांगणे आवश्यक आहे.

मंडला जिल्ह्यातील तिलईपानी परिसरात विहिरी व हातपंपांच्या पाण्यातील फ्लोराइडमुळे हाडे वाकलेली मुले आढळली आणि त्यावर जबलपूरच्याच संशोधकांनी काम केले. फ्लोराइडने हाड एक्स-रेमध्ये नेहमीपेक्षा अधिक पांढरे, भरीव दिसू शकते, तरीही ते चिवट नसते. हाड घट्ट दिसते म्हणून भेग असणार नाही असा निष्कर्ष अशा रुग्णात काढता येत नाही. डी जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेने हाड मऊ पडते तेव्हा मानेच्या आतल्या बाजूला, बहुधा दोन्हीकडे सारख्याच जागी, एक्स-रेमध्ये रुंद काळसर पट्टे दिसतात. या पट्ट्यांवर उपाय शस्त्रक्रियेपेक्षा प्रथम डी जीवनसत्त्व व कॅल्शियम हा असतो, म्हणून रक्तातील डी जीवनसत्त्व, कॅल्शियम, फॉस्फेट आणि अल्कलाइन फॉस्फेटेज यांची तपासणी चित्राच्या बरोबरीने व्हावी. हाडे बळकट व्हावीत म्हणून अलेंड्रोनेटच्या वर्गातील गोळ्या अनेक वर्षे घेणाऱ्या स्त्रियांत क्वचित मांडीच्या हाडाच्या दांड्यावर, बाहेरच्या बाजूला, वेगळीच भेग पडते. मांडीच्या मध्यात दुखत असेल तर अशा रुग्णाच्या दोन्ही मांड्यांचा पूर्ण लांबीचा एक्स-रे काढावा लागतो. केवळ खुब्याच्या फिल्मवर ती भेग चौकटीबाहेर राहते.

निदानानंतर

उपचार कुबड्यांवर चालू असतील तर पहिले काही आठवडे ठरावीक अंतराने साधा एक्स-रे पुन्हा काढला जातो, आणि तेथे त्याचे काम भेग शोधणे हे नसून हाड सरकलेले नाही याची खात्री करणे हे असते. एमआरआयमधील सूज वेदना थांबल्यानंतरही कित्येक महिने रेंगाळते, त्यामुळे ‘डाग गेला का’ हे पाहण्यासाठी दर महिन्याला पैसे खर्चून एमआरआय करू नये. वेदना कमी होण्याऐवजी वाढली किंवा दुसऱ्या बाजूला सुरू झाली तरच तो पुन्हा करावा. पन्नाशीपुढील रुग्णात, तसेच पाळी थांबलेल्या तरुणीत, हाडाची घनता मोजणारी डेक्सा तपासणी याच काळात करून घेणे सोयीचे ठरते. रुग्ण दुसऱ्या गावचा असेल तर छापील फिल्मपेक्षा सर्व चित्रांची सीडी सोबत न्यावी, कारण फिल्मवर निवडक चित्रेच असतात आणि नागपूरच्या किंवा पुण्याच्या डॉक्टरला प्रत्येक काप पाहायचा असतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएस योजनेतून तपासणी करायची असेल तर संदर्भपत्राचा चालू नियम आधी विचारून घ्यावा. स्क्रू बसवलेले असतील तर ते स्टीलचे आहेत की टायटॅनियमचे, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे. दोन्ही प्रकारांत पुढे एमआरआय सहसा करता येतो, मात्र धातूच्या आसपासचे चित्र विस्कटते, स्टीलने अधिक आणि टायटॅनियमने कमी, आणि तंत्रज्ञाला ते आधी कळले तर तो यंत्राची मांडणी त्यानुसार बदलू शकतो.